विड्याचं पान ही भाजी का? म्हापशातल्या कायदा-वाचन वर्गाचा रिव्ह्यू

आधी व्यवहाराचं सांगते, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय ते सुटले. सहा रविवार, सकाळी दहा ते एक, फी 1800 रुपये, त्यात चहा आणि पातळभाजी-पाव. जागा गोव्यात म्हापशाला, बाजाराजवळ एका हॉलचा वरचा मजला. शिकवणारे सर निवृत्त वकील, सगळं मराठीतून, मध्ये मध्ये कोकणी. विषय एकच, कायद्यातल्या शब्दांचा अर्थ कोर्ट कसा लावतं. परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही, त्यामुळे सर्टिफिकेटवाल्यांनी येऊ नये.

मी का गेले? मी कोर्टाजवळ टायपिंग करते, एकोणीस वर्षं झाली. अ‍ॅफिडेव्हिट, मुंडकाराचे (म्हणजे जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणाऱ्याचे) अर्ज, इन्व्हेंटरीची म्हणजे वारसांमधल्या वाटणीची कागदपत्रं. 'नॉटविथस्टँडिंग एनीथिंग कंटेन्ड' हे मी डोळे मिटून टाईप करू शकते पण त्याचा अर्थ कोणी विचारला असता तर वकिलाकडे बोट दाखवलं असतं. लोक कागद हातात घेऊन विचारतात, बाय, ह्याचा अर्थ काय गो? आणि मी म्हणायची, वकिलाला विचारा. एकोणीस वर्षं तेच. शेवटी मलाच लाज वाटली.

पहिला रविवार थोडा बोअर गेला, खरं सांगते. लॅटिन शब्द, 1584 सालचा इंग्लंडमधला हेडनचा खटला, कायदा यायच्या आधी काय होतं, कुठला त्रास होता, त्यावर उपाय काय काढला आणि का काढला हे चार प्रश्न. सगळं वहीत उतरवलं आणि घरी जाऊन विसरले. पंखा एकच होता आणि तो सरांच्या डोक्यावर. मागे बसलेला एक फोंड्याचा पोरगा तर चक्क झोपला.

दुसऱ्या रविवारी मात्र सरांनी सुरुवातच केली, विड्याचं पान ही भाजी आहे का? आमच्यात एक पसरकार म्हणजे दुकानदार होते, ते लगेच म्हणाले अर्थात, भाजीवालीकडेच तर मिळतं. सर हसले. म्हणे हेच अकोल्याच्या एका पानवाल्या व्यापाऱ्याचं म्हणणं होतं आणि ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, 1961 सालचा निकाल. सीपी अँड बेरारच्या, म्हणजे तेव्हाच्या मध्य प्रांत-वऱ्हाडाच्या, 1947 च्या विक्रीकर कायद्यात भाज्यांना कर माफ होता. व्यापारी म्हणे पान वेलीवर येतं, हिरवं असतं, वनस्पतीच आहे, तर भाजीच. कोर्ट म्हणालं, वनस्पतीशास्त्र बाजूला ठेवा, बाजारात पिशवी घेऊन जाणारा माणूस 'भाजी' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात काय असतं ते बघा. घरी सांगितलं भाजी आण आणि नवरा विड्याची पानं घेऊन आला तर? (हे कोर्टाचं नाही, माझं.) त्यात आणखी एक मजा, त्या कायद्याच्या यादीत आधी भाज्या वेगळ्या आणि विड्याची पानं वेगळी अशा दोन नोंदी होत्या, पानांची नोंद नंतर काढून टाकली. म्हणजे कायदा करणाऱ्यांनाच पान भाजीत धरायचं नव्हतं हे दिसतंच. पान हरलं.

मग आलं जिंकलं ते ऐकून तर वर्गात गोंधळच झाला. पश्चिम बंगालचा खटला, 1977. ओलं आलं भाजी का? हो, म्हणे. कारण तिथल्या कायद्यातच लिहिलेलं होतं, लोक ज्याला 'सब्जी, तरकारी किंवा शाक' म्हणतात ते. इंग्रजी कायद्यात आपले बाजारातले शब्द! पसरकार म्हणाले आल्याची भाजी कोण करतो हो, वाटणात पडतं ते. सर म्हणाले पडतं ना स्वयंपाकात, भाजीच्या टोपलीत मिळतं ना, झालं. मला अजून पूर्ण पटलेलं नाही, पान टोपलीतून बाहेर आणि आलं आत, पण निदान प्रश्न कसा विचारायचा ते कळलं.

तिसरा रविवार आपल्या माडाचा. हे ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी, गोव्यात 1984 चा झाडं राखायचा कायदा आहे, झाड तोडायचं तर परवानगी लागते. 2016 ला दुरुस्ती करून माडाला 'झाड' ह्या व्याख्येतून बाहेर काढलं आणि गोवाभर बोंब झाली, माड म्हणजे गवत का म्हणून. 2017 ला माड परत झाडांत आला आणि वर राज्यवृक्षही झाला. सरांचा मुद्दा वेगळाच होता. ते म्हणाले व्याख्या नसती तर कोर्टाने पानासारखंच केलं असतं, लोक माडाला काय म्हणतात ते विचारलं असतं. पण विधानसभेने स्वतःच व्याख्या लिहून ठेवली की त्या कायद्यापुरता तोच अर्थ, मग तुमची आजी काहीही म्हणो. शब्दाचा अर्थ कुठे शोधायचा ह्याचा पण क्रम असतो, आधी कायद्याचं स्वतःचं पान, मग बाजार. तेलाचं पण सांगितलं, खोबरेल तेलाची छोटी बाटली खायचं तेल की केसांचं, हे भांडण 2024 च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टात संपलं, खायचं तेल म्हणून, बाटली छोटी आहे एवढ्यावरून ते केसांचं होत नाही. आमच्याकडे एकाच बाटलीतलं दोन्हीकडे जातं ते सोडा.

चौथा रविवार माझ्यासाठी वसूल. मुंडकार कायदा, 1975 चा. ती व्याख्या मी हजार वेळा टाईप केली असेल, त्यात 'मीन्स' आहे, मग 'इन्क्लूड्स' आहे, मग 'डझ नॉट इन्क्लूड' आहे, मला वाटायचं वकील लोक उगाच लांबण लावतात. सरांनी तीन रंगांचे खडू घेतले. 'मीन्स' म्हणजे कुंपण घातलं, भाटकाराच्या म्हणजे जमीनमालकाच्या संमतीने घरात कायमचा राहणारा तो मुंडकार. 'इन्क्लूड्स' म्हणजे कुंपण वाढवलं, त्याच्या घरची माणसं आत. 'डझ नॉट इन्क्लूड' म्हणजे काही जणांना हाताला धरून बाहेर काढलं, जसा घराचं भाडं देणारा. आता मला आठवलं की कितीतरी लोक अर्जात अभिमानाने लिहायला सांगतात, आम्ही भाटकाराला दर महिन्याला भाडं देत होतो! आणि मी टाईप करून दिलंय हो. हातपाय गार पडले माझे.

मग हेडन परत आला, पण आता कळला. कायद्याच्या नावातच घराबाहेर काढण्यापासून संरक्षण असं आहे, म्हणजे त्रास कुठला होता ते नावावरच दिसतंय, म्हणून शब्दाचे दोन अर्थ निघत असले तर कोर्ट दुबळ्याला आधार देणाऱ्याकडे झुकतं. पण सर लगेच म्हणाले, दोन अर्थ निघत असले तरच हां. शब्द स्वच्छ असेल तर दया येते म्हणून कोर्ट तो वाकवत नाही. हे वाक्य मी वहीत चौकट करून लिहिलंय.

खाणीवर ते जे बोलले ते ऐकताना मी जरा गप्पच होते. आमच्या दादाचे दोन टिप्पर होते डिचोलीला, 2012 ला खाणी बंद झाल्या आणि दोन्ही हप्त्यात गेले. तेव्हा आम्ही फक्त शिव्या घालायचो, कोणाला ते कळत नव्हतं. सरांनी एक शब्द फळ्यावर लिहिला, 'डीम्ड', मराठीत मानीव. पोर्तुगीज काळातली कन्सेशन्स, म्हणजे खाणीचे परवाने, 1987 च्या कायद्याने लीज मानली, तीही 20 डिसेंबर 1961 पासून. एकदा लीज मानलं की लीजची मुदत पण मानावी लागते, अर्धं मानता येत नाही. 2014 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने हिशोब मांडला, मूळ मुदत 22 नोव्हेंबर 1987 ला संपली, वीस वर्षांचं नूतनीकरण धरलं तरी 22 नोव्हेंबर 2007 ला सगळं संपलं. त्याच्या पुढचं खाणकाम बेकायदा. म्हणजे दादाने पहिला टिप्पर घेतला 2009 ला तेव्हा कागदावर खाण संपूनच दोन वर्षं झाली होती. त्याला हे मी अजून सांगितलेलं नाही.

बाकी एक गोष्ट पटकन, 'आणि इतर' वाला नियम सरांनी मासळीवर समजावला. बोर्डावर बांगडे, इसवण, सुंगटं व इतर माल लिहिलं तर 'इतर माल' म्हणजे फ्रीज नव्हे, आधीच्या जातीचाच माल. आणि नगरनियोजन कायद्याचं कलम 17(2), त्यात प्रादेशिक आराखड्यात नकळत झालेल्या चुका दुरुस्त करायची तरतूद घातली होती, 2025 च्या मार्चमध्ये आपल्या पर्वरीच्या हायकोर्टाने ते कलम रद्द न करता त्याचा अर्थ आवळला आणि त्याखालचे नियम उडवले. अर्थ आवळणं हा प्रकार असतो हेच मला नवीन. चूक म्हणजे चूक, भाताचं शेत सेटलमेंटमध्ये, म्हणजे घरं बांधायच्या झोनमध्ये, घालायची खिडकी नव्हे, असं मी समजले.

आता तक्रार. पोर्तुगीज सिव्हिल कोड, 1867 चा, ज्यावर माझं निम्मं टायपिंग चालतं, त्याला शेवटच्या रविवारी जेमतेम वीस मिनिटं. 2019 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल सांगितला, की हा कोड आता भारतीय कायदाच आहे आणि गोंयकाराची मुंबईतली मालमत्ताही वारसाहक्कासाठी त्याच कायद्याने जाते, हे भारी होतं. पण मूळ मजकूर पोर्तुगीज, आम्ही वाचतो इंग्रजी भाषांतर, मग कोर्ट शब्द कुठला धरणार? मी विचारलं तर सर म्हणाले पुढच्या बॅचला. अहो पण फी मी ह्या बॅचची भरलीय ना. पहिल्या रविवारचं लॅटिन अर्धं केलं असतं तर इथे जास्त वेळ मिळाला असता. नोट्सची झेरॉक्स पण इतकी फिकट की मी घरी बसून परत टाईप केल्या, आता मलाच लोक मागतात.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो पोर्तुगीजसाठी, पंख्यासाठी नाही. पुढची बॅच गणेशचवथीनंतर आहे, पुढच्या रांगेत बसा आणि मुंडकार, कूळ, वारसा असलं काही घरात चालू असेल तर तो कागद सोबत न्या, सर चहाच्या वेळेत बघतात, जास्तीचे पैसे घेत नाहीत. मी माझ्या टेबलावर एक बदल केलाय, कोणी 'भाडं देत होतो' लिहायला सांगितलं की आधी बोटं थांबवते आणि विचारते, भाडं कशाचं, घराचं की माडाच्या उत्पन्नाचं, आणि आधी वकिलाला भेटून या. परवा एक म्हातारे चिडून शेजारच्या टायपिस्टकडे गेले.