मॅन्टल आणि मेज: १९५१चं बोमन घ्यावं की १९५२चं टॉप्स?

मिकी मॅन्टल (यँकीज) आणि विली मेज (जायंट्स) दोघंही १९५१ साली अमेरिकी बेसबॉलच्या मेजर लीगमध्ये आले. बोमन कंपनीने त्याच वर्षी दोघांची कार्डं (खेळाडूचं चित्र आणि माहिती छापलेली) काढली, टॉप्सने पुढच्या वर्षी. जुन्या बेसबॉल कार्डांना हात घालणारा नवा माणूस बहुतेक वेळा या दोन संचांपाशीच अडतो.

आधी एक गैरसमज. टॉप्सचं ३११ क्रमांकाचं कार्ड मॅन्टलचं ‘रूकी’ (खेळाडूचं पहिलंवहिलं कार्ड) म्हणून सर्रास विकलं जातं. त्याचं खरं रूकी कार्ड आहे बोमनचं २५३ क्रमांकाचं. मेजचं बोमनचं ३०५. तरीही पैसा टॉप्सकडेच धावतो. ऑगस्ट २०२२मध्ये ९.५ दर्जाचं (ग्रेडिंग कंपन्या कार्डाच्या स्थितीला दहापैकी गुण देतात) ३११ एक कोटी सव्वीस लाख डॉलरना गेलं. याचं मूळ टॉप्सच्या शेवटच्या मालिकेत आहे. ३११ ते ४०७ ही कार्डं हंगाम संपत आल्यावर दुकानांत आली, तोवर मुलं अमेरिकन फुटबॉलकडे वळली होती. न खपलेला माल वर्षानुवर्षं गोदामात राहिला आणि १९६०मध्ये टॉप्सच्या साय बर्गर यांनी तो न्यू जर्सीच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रात बुडवला. या मालिकेला संग्राहक ‘हाय नंबर’ म्हणतात. गंमत म्हणजे मॅन्टलचं कार्ड छपाईच्या कागदावर दोनदा घेतलं होतं, त्यामुळे याच मालिकेतली कितीतरी साधी कार्डं त्याच्याहून दुर्मिळ आहेत. ३११ला मिळते ती किंमत मुख्यतः मागणीची आहे.

कारकिर्दीची आवड असेल तर कार्ड उलटून बघा. बोमनच्या मागे चार ओळींचा परिचय असतो. टॉप्सच्या मागे गेल्या हंगामाचे आणि एकूण कारकिर्दीचे आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात. मॅन्टलच्या बाबतीत दोन्ही ओळी सारख्याच, कारण मागे एकच हंगाम होता: ९६ सामने, १३ होम रन, सरासरी .२६७ (म्हणजे दर हजार अधिकृत फलंदाजी-संधींमागे २६७ हिट). त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजच्या (हंगामाची अंतिम मालिका) दुसऱ्या सामन्यात मेजने मारलेल्या चेंडूमागे धावताना मॅन्टलचा गुडघा गेला, तो कायमचाच. तरी कारकिर्दीत ५३६ होम रन आणि १९५६मध्ये ट्रिपल क्राउन: सरासरी, होम रन आणि आरबीआय (स्वतःच्या फलंदाजीमुळे संघाला मिळालेल्या धावा) या तिन्हींत लीगमध्ये पहिला.

मेज १९५१चा रूकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवखा खेळाडू). १९५२च्या मे महिन्यात लष्करात गेला आणि १९५३चा अख्खा हंगाम बाहेर राहिला. परतल्यावर १९५४चा एमव्हीपी (लीगचा सर्वात मोलाचा खेळाडू), शेवटी ६६० होम रन आणि क्षेत्ररक्षणाचे बारा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार. फलंदाजी, धावणं, झेल, फेक सगळं धरलं तर मेज सरस, आणि कार्ड मात्र मॅन्टलपेक्षा खूप स्वस्त. त्यातही टॉप्सचं २६१ हे हाय नंबरच्या आधीच्या मालिकेतलं. खेळाडू बघून खरेदी करायची असेल तर आमचा कौल मेजला.

इतर नावांमुळेही पारडं फिरतं. टेड विल्यम्स हवा असेल तर बोमन. तो टॉप्सच्या या संचात नाही. व्हायटी फोर्डचं रूकी कार्ड बोमनचं पहिलं. जॅकी रॉबिन्सन मात्र टॉप्समध्येच, ३१२ क्रमांकावर, आणि एडी मॅथ्यूजचं रूकी कार्ड ४०७वर. पहिल्या आणि शेवटच्या कार्डाची एक अडचण आहे: मुलं गठ्ठ्याला रबर लावायची, म्हणून टॉप्सचं पहिलं कार्ड अँडी पॅफ्को, फोर्ड आणि मॅथ्यूज ही तिन्ही कडा दबलेली, कोपरे झिजलेली सापडतात. चांगल्या स्थितीत ती अवाजवी महाग.

पूर्ण संच जमवायचा तर बोमन ३२४ कार्डांचा, त्यात कठीण २५३ ते ३२४ ही बहात्तर. टॉप्स ४०७चा, त्यात कठीण सत्त्याण्णव. बरेच जण टॉप्सचा पहिल्या ३१०पर्यंतच करतात, आणि तेच शहाणपणाचं.

नकलांचा धोका टॉप्समध्ये जास्त. टॉप्सने स्वतःच १९८३मध्ये हा संच पुन्हा छापला, मागे तसं लिहूनही. ते अक्षर खरवडून कार्ड विकणारे भेटतात. पट्टी लावा. मूळ कार्ड सुमारे ६७ × ९५ मिलिमीटर, पुनर्मुद्रण ६४ × ८९. बोमन ५२ × ७९. मग दहापट भिंग घ्या: फोटोत रंगीत ठिपके दिसणारच, पण काळी अक्षरं आणि काळ्या रेघा सलग शाईच्या हव्यात. अक्षरंही ठिपक्यांची निघाली तर ती स्कॅन करून काढलेली नक्कल. माप एखाद्या बाजूने कमी आणि ती कड इतरांपेक्षा धारदार असेल, तर झिजलेला काठ कापून टाकलेला आहे. अशा कार्डाला ग्रेडिंग कंपन्या अंकी दर्जा देत नाहीत, फक्त ‘ऑथेंटिक’ म्हणतात. मॅन्टल किंवा मेज ग्रेडिंग झालेल्या सीलबंद स्थितीतच घ्या आणि प्रमाणपत्राचा क्रमांक कंपनीच्या साइटवर ताडून बघा. साध्या खेळाडूंची कार्डं सुटी घ्यायला हरकत नाही.

साठवणुकीत मापच दगा देतं. आजचे प्लास्टिकचे खिसे ६४ × ८९च्या कार्डासाठी असतात. टॉप्स त्यात कोंबलं की कोपरे मऊ होतात. त्याला आठ खिशांची पानं लागतात. बोमन नऊ खिशांच्या पानात जातं, पण आत सरकत राहून कडा घासून घेतं, म्हणून आधी त्याच्या मापाचं पातळ पाकीट घाला. जुनी पीव्हीसीची पानं टाळा, त्यांतला तेलकट अंश कार्डावर उतरतो. कार्ड मध्ये धरून स्क्रूने आवळायच्या जाड प्लास्टिकच्या पट्ट्याही नकोत. त्यांत कार्ड चेपून पसरतं आणि पुढे ग्रेडिंगला अडतं.

मुंबईत किंवा कोकणात ठेवणार असाल तर जून ते सप्टेंबर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल ठेवा आणि रंग बदलला की पुड्या बदला. अमेरिकेतल्या लिलावातून मागवताना बोलीवरचं खरेदीदाराचं कमिशन, विमा आणि इथली कस्टम ड्यूटी आधी मिळवा. मधल्या दर्जाच्या कार्डावर या तिघांची बेरीज बोमन आणि टॉप्सच्या किमतींतल्या फरकाएवढी होऊ शकते.