अश्वगंधा मुळाच्या अर्काच्या नावाखाली पानांचा माल: खरेदीदारांनो, जपून

आमचा आयुर्वेदिक गोळ्यांचा छोटा घरगुती कारखाना आहे. घन, म्हणजे वाळवलेला अर्क, आम्ही बाहेरून विकत घेतो. गेल्या वर्षी एका पुरवठादाराने 'अश्वगंधा, फक्त मूळ, विथॅनोलाइड्स (अश्वगंधेतले मुख्य गुणकारी घटक) 5 टक्के' असा माल देऊ केला. भाव बाजारापेक्षा बराच कमी. आधी आलेला नमुना आम्ही बाहेरच्या प्रयोगशाळेतून तपासून घेतला. तो चोख निघाला. मग आगाऊ रक्कम भरली आणि 25 किलोचे ड्रम आले.

ड्रम उघडल्याबरोबर आमच्या मिक्सिंगवाल्या काकांनी चिमूटभर पूड जिभेवर ठेवली आणि तोंड वाकडं केलं. "साहेब, हे फार कडू आहे, आणि रंगही हिरवट मारतोय." मुळाचा घन तपकिरी असतो, त्याला तो ओळखीचा उग्र वास येतो. इथे सुकलेल्या पाल्याचा वास होता.

सोबतचा तपासणी अहवाल मात्र झकास होता. शिक्का, सही, आलेख, सगळं जागच्या जागी. पुरवठादाराने नमुन्यासोबत दिलेला अहवाल मी काढून शेजारी ठेवला. बॅच नंबर वेगळे, तारखा वेगळ्या, पण आलेखाखालच्या तक्त्यात प्रत्येक शिखराचं क्षेत्रफळ (म्हणजे तो घटक किती आहे ते सांगणारा आकडा) शेवटच्या आकड्यापर्यंत तेच! एकच नमुना त्याच यंत्रात लागोपाठ दोनदा घातला तरी आकडे थोडे हलतात. दोन वेगळ्या बॅचचे तंतोतंत जुळणं केवळ अशक्य. जुन्याच आलेखावर नवा बॅच नंबर चढवला होता.

मग ड्रममधला माल तपासायला पाठवला. एचपीटीएलसी, म्हणजे पट्टीवर घटक वेगळे करून दाखवणारी चाचणी, तिच्या काचपट्टीवर रसायनाची फवारणी करून 366 नॅनोमीटरच्या दिव्याखाली धरल्यावर पिवळसर-हिरवे पट्टे लखलखले. हे केम्फेरॉलचे ग्लायकोसाइड्स, म्हणजे पानांत आढळणारी संयुगं. मुळाच्या अर्कात ते असे दिसत नाहीत. एचपीएलसीत, म्हणजे प्रत्येक घटक वेगळा करून मोजणाऱ्या यंत्रचाचणीत, एकूण विथॅनोलाइड्स 5 टक्क्यांच्या जवळपासही नव्हती. जी होती त्यात विथाफेरिन-ए या एकाच घटकाचा वाटा भरमसाट.

आता यात पुरवठादाराचा फायदा काय? पीक काढताना मूळ विकलं जातं आणि पाला बहुतेक वाया जातो, म्हणून पाला कवडीमोल. त्यातून विथाफेरिन-ए भरपूर मिळतं, त्यामुळे ढोबळ चाचणीत आकडा फुगतो. पण विथाफेरिन-ए आणि मुळातली विथॅनोलाइड-ए, विथॅनोसाइड-4 ही एकाच घराण्यातली असली तरी गुण सारखे नाहीत. प्रयोगशाळेत विथाफेरिन-ए पेशी मारतं, म्हणून तर कर्करोगाच्या संशोधनात त्याला मागणी. झोप लागावी, थकवा जावा म्हणून महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या पोटात ते जास्त जावं, असं मला तरी वाटत नाही. अश्वगंधेच्या काही उत्पादनांनंतर यकृताला इजा झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. त्यातल्या प्रत्येक घटनेत दोष पानांचाच होता असं मी म्हणत नाही. पण आयुष मंत्रालयाने 2021 मध्ये उत्पादकांना पानं वापरू नका असं कळवलं होतं, ते उगाच नव्हे.

खरेदी करणाऱ्यांनी अहवालात पहिल्यांदा 'पद्धत' हा रकाना बघावा. तिथे 'ग्रॅव्हिमेट्री' लिहिलं असेल तर तो आकडा एचपीएलसीच्या आकड्याशी ताडून बघूच नका. वजनी पद्धतीत विथॅनोलाइड्ससोबत विद्रावकात आलेलं इतर सटरफटरही मोजलं जातं. तिथले 5 टक्के एचपीएलसीत कितीतरी खाली येतात. दलाल मंडळी हे पक्कं जाणून असतात आणि विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

दुसरं, साधा हिशेब करा. सुक्या मुळात विथॅनोलाइड्स ढोबळमानाने अर्धा टक्का, बरेचदा त्याहूनही कमी. म्हणजे 5 टक्क्यांचा एक किलो घन करायला निदान दहा किलो मूळ लागणार, शिवाय अर्क काढताना काही वाया जाणार ते वेगळंच. मध्य प्रदेशातल्या नीमचच्या मंडीतला मुळाचा भाव त्याला लावा, वर विद्रावक, वीज, मजुरी धरा. समोरचा त्याहून स्वस्त देत असेल तर तो मूळ वापरत नाहीये. माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून बनवलेली भरणीची पूड) घालून टक्केवारी जमवणं हा या धंद्यातला रिवाज आहे, त्यात गैर काही नाही, पण ते कागदावर लिहिलेलं हवं.

तिसरं, नमुना त्यांनी पाठवलेला नको. ड्रम आपल्या दारात आले की वरून, मधून, तळातून तुम्हीच काढा, आणि पैशाचा मोठा हप्ता त्या तपासणीच्या निकालानंतरच द्या. आमच्या ऑर्डरवर आता हे छापलेलं असतं.

पुरवठादाराला फोन केला तेव्हा तो आधी "लॅबची चूक असेल" म्हणाला. दोन्ही आलेख पाठवल्यावर सूर बदलला. "दादा, वाद कशाला, ड्रम परत करा, माझ्याकडे दुसरी पार्टी तयार आहे, ते लोक एवढं बघत नाहीत." निम्मे पैसे त्याने परत केले. बाकीचे मिळेपर्यंत ड्रम आमच्याकडेच आहेत, आणि मिळाले तरी ते त्या दुसऱ्या पार्टीकडे जाऊ द्यायचे नाहीत म्हणून अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज दिला आहे.