वेबसाईटचा आयकॉन फोनवर आणायचाय, मग आयफोन, अँड्रॉइड की सरळ ॲपच काढायचं?

नागपुरात इतवारीतलं दुकान असो की धरमपेठेतले क्लासेस, वेबसाईट झाली रे झाली की कोणीतरी सांगतंच की भाऊ आता ॲप काढून टाका. थांबा बाप्पा, आधी खर्च बघा. गूगल प्लेचे एकदाच २५ डॉलर, ॲपलचे दरवर्षी ९९ डॉलर, बनवणाऱ्याचे पैसे वेगळे आणि नंतरचे अपडेट आहेतच. संत्रा बर्फीच्या ऑर्डरी घ्यायला किंवा बॅचचं टाइमटेबल दाखवायला एवढं कशाला? डिलिव्हरीवाल्या पोराचं लोकेशन स्क्रीन बंद असतानाही पाहिजे असंल तर मात्र ॲपच लागते, तिथं वेबसाईट कमी पडते.

बाकीच्यांना वेबसाईटचाच आयकॉन फोनच्या होम स्क्रीनवर आणला की पुरते. आता आयफोन. काम सगळ्यात कमी, १८० बाय १८० पिक्सेलची एक पीएनजी, म्हणजे चित्राची फाइल, आणि पेजच्या हेडमध्ये, म्हणजे कोडच्या सुरुवातीच्या भागात, ॲपल-टच-आयकॉनची एक ओळ, झालं. कोपरे तो स्वतःच गोल करतो, आपण करून द्यायचे नाही. पण बॅकग्राउंड ट्रान्सपरंट ठेवलं तर तिथं काळा रंग भरला जातो, म्हणजे लोगोत संत्रं असंल तर संत्रं दिसते पण वरची गडद हिरवी पानं त्या काळ्यात पार गायब, म्हणून पूर्ण चौकोन पांढरा नाहीतर क्रीम भरूनच द्या. खरी अडचण पुढं आहे, वेबसाईटला 'इन्स्टॉल करा' असं बटण तिथं देताच येत नाही, गिऱ्हाइकालाच शेअरचं बटण दाबून खाली ॲड टू होम स्क्रीन शोधावं लागते. काउंटरवर क्यूआर लावणार असाल तर त्याच्याखाली या दोन स्टेप्स मराठीत छापाच.

अँड्रॉइडला मेहनत जास्त पण फळही जास्त. मॅनिफेस्ट, म्हणजे साईटची माहिती देणारी एक छोटी फाइल लागते, त्यात नाव, छोटं नाव, सुरुवातीचं पेज, डिस्प्ले स्टँडअलोन (म्हणजे ॲपसारखं वेगळं उघडायचं) आणि १९२ व ५१२ पिक्सेलचे आयकॉन. हे नीट असलं की क्रोम खरंच इन्स्टॉल करतं, साईट ॲप्सच्या यादीत जाते, वरचा ॲड्रेस बारही दिसत नाही, आणि इन्स्टॉलचं बटण साईटवरच देता येते. छोटं नाव छोटंच ठेवा, 'संत्रा बर्फी' बस, दुकानाचं पूर्ण नाव टाकलं तर आयकॉनखाली अर्धवट कापलं जाते.

एक गोष्ट बरेच डेव्हलपर सोडून देतात, मास्केबल आयकॉन, म्हणजे अँड्रॉइड फोनला आपल्या आकारात कापता येईल असा आयकॉन. कोणत्या फोनवर गोल, कोणत्यावर गोलसर चौकोन असा आकार कापला जातो, म्हणून महत्त्वाचं सगळं मधल्या ८० टक्के रुंदीच्या गोलात पाहिजे, ५१२ च्या फाइलमध्ये साधारण ४१० पिक्सेल. आपल्याकडच्या गोल लोगोंमध्ये कडेनं 'सीताबर्डी, नागपूर' लिहिलेलं असते ना, ते नेमकं तिथंच कापलं जाते, तर आयकॉनसाठी ते काढूनच टाका. आणि मास्केबलची फाइल वेगळी बनवा, तीच साध्या आयकॉनला दिली तर लोगो बारका दिसते.

नोटिफिकेशनसाठीही ॲपची गरज राहिली नाही. अँड्रॉइडवर क्रोममधून जातातच, आयफोनवर २०२३ च्या आयओएस १६.४ पासून जातात, फक्त साईट होम स्क्रीनवर जोडलेली पाहिजे आणि गिऱ्हाइकानं परवानगी दिलेली पाहिजे.

माझं मत स्पष्ट आहे, दोन्ही करा, आधी अँड्रॉइड कारण बहुतेक गिऱ्हाइकांच्या हातात तोच असते, मग त्याच दिवशी आयफोनची ती एक ओळ. लोगो बदलायचा विचार असंल तर त्याच्या आधीच बदला, कारण आयफोनवर एकदा जोडलेला जुना आयकॉन गिऱ्हाइकानं काढून पुन्हा जोडल्याशिवाय बदलत नाही.