रॉकवूलचे पैसे घेतले, फोम चिकटवला: 46,500 रुपये पाण्यात

पुण्यात स्वस्तात लिसनिंग रूम (गाणी नीट ऐकायची खोली) करून घेणार असाल तर अ‍ॅडव्हान्स देण्याआधी हे वाचा.

खोली 12 बाय 10 फूट. कोटेशन असं: 48 डेन्सिटीचं रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) भरलेली 4 बाय 2 फुटी, 2 इंच जाडीची पॅनेल 10, प्रत्येकी 2,800. कोपऱ्यांना बेस ट्रॅप (खालच्या सुरांचा घुमणारा आवाज शोषणारे) 4, प्रत्येकी 3,500. फिटिंग 4,500. यूपीआयने 27,900 आगाऊ, माल आल्यावर 18,600. पक्कं बिल नाही, एस्टिमेटचा कागद. आता शहाणपण शिकवू नका. सुतारापासून रंगाऱ्यापर्यंत पक्कं बिल इथे कोण देतं?

पण माल आला तेव्हाच कळायला हवं होतं! एकच पोरगा पाच पॅनेल काखेत मारून, फोनवर बोलत जिना चढला. 48 डेन्सिटी म्हणजे घनमीटरला 48 किलो. 1200 बाय 600 बाय 50 मिलिमीटरचा स्लॅबच पावणेदोन किलोचा, वर लाकडी फ्रेम. त्याला ड्रिल मारून स्क्रू लागतात. इथे डबल टेपवर भागलं, आणि तेही डोळ्यांसमोर.

मागचं कापड उसवलं तर आत पीयू फोम. बेस ट्रॅप पोकळ, पुढे इंचभर फोम. आरईडब्ल्यूवर (खोलीतला आवाज मोजायचं सॉफ्टवेअर) मोजलं तर 12 फुटांच्या लांबीमुळे 47 हर्ट्झला आवाजात येणारा फुगवटा जसाच्या तसा. तबल्याची चाट मेली, डग्ग्याचं घुमणं तसंच. विक्रेत्याच्या सर्टिफिकेटवर एनआरसी (आवाज किती शोषला जातो तो आकडा) 0.95 होता, नमुना 100 मिलिमीटरचा, माल 50 चा. शिवाय एनआरसी ही 250 ते 2000 हर्ट्झमधल्या चार आकड्यांची सरासरी. बेसचा त्यात संबंधच नाही. सर्टिफिकेटवरची जाडी आधी बघा.

चौकीत म्हणे, "माल मिळालाय ना? मग हे दिवाणी." बँक म्हणे, पिन तुम्हीच टाकलात. ग्राहक हेल्पलाइनने तक्रार नंबर दिला, 'विक्रेत्याकडून प्रतिसाद नाही' असा मेसेज पाठवला आणि तक्रार बंद! प्रतिसाद देणारा असता तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? पुन्हा चौकीत गेलं तर साहेब बंदोबस्ताला. फोम आणि रॉकवूल यांतला फरक समजावून सांगितला तर हवालदार विचारतो, "आवाज येतोय ना पण?"

जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. एस्टिमेटचा कागद, यूपीआयची नोंद, व्हॉट्सअ‍ॅप चॅट जपा. कोटेशनवर डेन्सिटी, जाडी आणि एका पॅनेलचं वजन लिहून घ्या. एक पॅनेल काट्यावर ठेवल्याशिवाय दुसरा हप्ता नाही. आतल्या मालाचा तुकडा घराबाहेर काडीवर धरा: रॉकवूल जळत नाही, फोम पेटतो आणि धूर विषारी. प्लग पॉइंटजवळचा फोम आजच काढा.

खरं तर स्लॅब दुकानातून आणून सुताराकडून फ्रेम करून घेणंच बरं. कापड असं की तोंडाने फुंकर आरपार जाईल. भिंतीपासून 2 इंच पोकळी सोडा. बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत न्या. बसल्या जागेवरून आरशात स्पीकर दिसेल तिथे पॅनेल. खुर्ची मागच्या भिंतीला टेकवू नका, हे तर फुकट आहे.

टेप काढताना रंगासकट पुट्टी निघते. तो खर्चही तक्रारीतल्या मागणीत घाला.