निवासी ‘कॉलेज-पूर्वतयारी’ शिबिर : पैसे भरण्याआधी पावतीचा नमुना मागा

इंदुरात दहावी-अकरावीच्या मुलांसाठी उन्हाळी निवासी शिबिरांची फ्लेक्स परीक्षा संपायच्या आतच लागतात. अशाच एका शिबिरात आमचे ६२,००० रुपये गेले.

फ्लेक्सवर आयआयएम इंदूरच्या गेटचा मोठा फोटो आणि खाली ‘आयपीएमकडे पहिलं पाऊल’. आयआयएमशी संबंध आहे असं कुठे लिहिलं नव्हतं, नाही असंही लिहिलं नव्हतं. आयपीएम हा बारावीनंतरचा पाच वर्षांचा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम तिथे २०११ पासून आहे. प्रवेशासाठी आयपीमॅट परीक्षा आणि मुलाखत द्यावी लागते. असल्या शिबिराच्या प्रमाणपत्राला तिथे कोणी विचारत नाही. काउन्सेलर बाई मात्र म्हणाल्या, “फाइलला हे लागलं की पॅनलवर छाप पडते.” बाई मराठी. आम्ही इंदुरातल्याच सुदामानगरचे म्हटल्यावर तर “काकू, मग आपण घरचेच!” परमुलखात मराठी ऐकलं की माणूस सैलावतो, आणि हे त्या धंद्याला पक्कं ठाऊक आहे.

मुलीची ‘स्कॉलरशिप टेस्ट’ तिथल्या तिथे झाली. ४० टक्के सूट, पण आज संध्याकाळपर्यंत भरलं तरच. पुढे कळलं, शिबिरातल्या प्रत्येकालाच ४० टक्के मिळाले होते.

शिबिर म्हणजे इंदूरजवळच्या राऊच्या पुढे, सुट्टीत रिकाम्या पडलेल्या एका शाळेचं वसतिगृह. शिकवायला कॉलेजच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली पोरं. ‘कॅम्पस व्हिजिट’ला गेटबाहेर बस थांबवून फोटो काढले आणि परत. भर मे महिन्यात पाण्याचा टँकर दुपारी यायचा. पहिल्याच आठवड्यात मुलीचा फोन आला, “आई, मला न्यायला ये.” हे लगेच जाऊन तिला घेऊन आले.

खरी मेख पावतीत होती. नोंदणी २५,०००, किट २२,०००, निवास-भोजन १२,००० आणि शिकवणी फक्त ३,०००. परतावा मागितल्यावर उत्तर मिळालं : नोंदणी आणि किट परत होत नाही, मेसचं सामान आधीच भरलंय, शिकवणीचं उरलेलं काय ते घेऊन जा. किट म्हणजे एक सॅक, दोन टी-शर्ट आणि झेरॉक्सच्या वह्या. बावीस हजारांचं!

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या कोचिंगविषयक सूचनांत लिहिलं आहे की, पूर्ण फी भरून मूल मध्येच सोडून गेलं तर उरलेल्या काळाचे पैसे दहा दिवसांत परत द्यावेत, आणि हॉस्टेल-मेसचेही. त्याच सूचनांत सोळा वर्षांखालच्या मुलांना घेऊ नये असंही आहे. या शिबिरात दहावीच काय, नववीचीही मुलं होती. आम्ही ते छापून नेलं तेव्हा मॅनेजर म्हणाला, “आम्ही कोचिंग नाही, शिबिर आहोत.”

मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. त्यानंतर निवास-भोजनाचे पैसे बरेचसे आले. बाकीच्या पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो आहोत; ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीची फी लागत नाही. फ्लेक्सचा फोटो, बाईंचे व्हॉट्सॲप मेसेज आणि यूपीआयची नोंद जपून ठेवली होती, तीच आता कामी येते आहे.

कोणाला असल्या शिबिराला मुलं पाठवायचीच असतील तर राहण्याची जागा आधी जाऊन बघा, शिकवणाऱ्यांची नावं लेखी घ्या, आणि पावतीत कशाचे किती धरणार हे पैसे देण्याआधी कागदावर मागा. “संध्याकाळपर्यंतच” म्हणाले तर खुशाल उद्या या.