शांघायमध्ये रोबोटकडून मोक्सा: काही महिने वापरल्यावरचा अनुभव

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही शांघायला राहतो, आणि माझी कंबर दुसऱ्या बाळंतपणापासून धरते ती धरतेच, थंडीत तर वाकून बूट घालायचे म्हणजे आधी मनाची तयारी करावी लागते. घराजवळच्या चिनी औषधांच्या क्लिनिकमध्ये आधी हाताने मोक्सा घ्यायचे, हिवाळ्यात त्यांनी रोबोट आणला तेव्हापासून त्याच्याकडूनच घेते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मोक्सा म्हणजे आयत्साओ नावाच्या झाडाचा पाला वाळवून, कुटून, कापसासारखा करून त्याची जाड कांडी वळतात, ती पेटवून अंगापासून दोन-तीन सेंटिमीटरवर धरतात आणि ठरावीक बिंदूंना शेक देतात. आपण जोतिबाला वाहतो त्या दवण्याच्याच जातकुळीतलं झाड आहे हे. हुबेई प्रांतातल्या छीछुनचा पाला सगळ्यात नावाजलेला, ली शिझेन हा सोळाव्या शतकातला मोठा वैद्य तिथलाच. अॅक्युपंक्चर आणि मोक्सा मिळून 2010 मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेले.

आता रोबोट. पालथं झोपायचं, वरचा कॅमेरा पाठ स्कॅन करतो आणि स्क्रीनवर बिंदू दिसतात. माझे मुख्य दोन, मिंगमन म्हणजे साधारण बेंबीच्या मागे बरोबर मणक्यावर, आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे शनशू. डॉक्टरबाई अंगठ्याने दाबून बघतात, कधी स्क्रीनवरचा ठिपका थोडा सरकवतात आणि मग सुरू. हाताच्या टोकाला खरी पेटती कांडी, बाजूला तापमान बघणारा इन्फ्रारेड सेन्सर आणि धूर ओढून घेणारी नळी.

खरा फायदा मला कशात वाटला सांगू? कांडी जळत जाते, वर राख साठते आणि शेक हळूहळू कमी होतो, मग माणसाला सारखं राख झाडून कांडी खाली आणावी लागते, एकच बाई तीन पेशंट बघत असेल तर ते होत नाही, एकदा तर राख पडून मला फोड आलेला. रोबोट कातडीचं तापमान बघून अंतर बदलत राहतो, माझं त्रेचाळीसच्या आसपास ठेवलंय, वर जायला लागलं की हात लगेच मागे. चिमणी दाणे टिपते तसं खालीवर करायची जी जुनी पद्धत आहे ना, तीसुद्धा तो करतो, आणि विसाव्या मिनिटालासुद्धा पहिल्या मिनिटासारखीच लय असते. माणसाचा हात तोवर दमलेला असतो हो.

पण बोटांना जे कळतं ते त्याला कळत नाही. कुठे स्नायू गाठीसारखा लागतोय, कुठे दाबल्यावर मी अंग आखडते, हे डॉक्टरबाईंनाच समजतं, म्हणून त्या नसताना नुसत्या ऑपरेटरकडून मी घेत नाही. खोकला आला, थोडी कूस हलली तर पुन्हा स्कॅन. गुडघ्याखालच्या त्सूसानलीला तर बऱ्याचदा बिंदू बोटभर चुकतो, तिथे मी अजून हातानेच घेते. शेजारच्या आज्जींची तक्रार वेगळीच, धूर नाही तर ते मोक्सा कसलं. मला मात्र धूर नसल्याचं बरंच वाटतं, आधी केसांचा वास दोन दिवस जायचा नाही.

गुण किती? शेकानंतर एक-दोन दिवस कंबर मोकळी राहते, झोप छान लागते. डिस्कचा त्रास गेलेला नाही, फिजिओचे व्यायाम चालूच आहेत आणि ते सोडून नुसतं यावर राहू नका असं मी कळकळीने सांगेन. डायबिटीसमुळे पायाला संवेदना कमी असेल तर सेन्सर कितीही चांगला असो, पायावर घेऊच नका, भाजलेलं कळणार नाही. गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि बुकिंग करताना आत खरी कांडी आहे की नुसता इलेक्ट्रिक हीटर हे विचारून घ्या, काही मशीनमध्ये पालाच नसतो आणि भाव तोच लावतात.

उन्हाळ्यात सानफूचे दिवस येतात, वर्षातले सगळ्यात उकाड्याचे, थंडीतली दुखणी तेव्हाच शेकून घ्यायची इथली रीत आहे. त्या दिवसांतले रोबोटचे स्लॉट आत्ताच भरत आलेत, मी सकाळचे धरून ठेवलेत.