लिबव्हर्टचं लॉगिंग आणि डीबगिंग: आठ महिने वापरल्यानंतर

आमच्याकडे तीन होस्ट (प्रत्यक्ष सर्व्हर) आहेत आणि त्यांवर चाळीसएक व्हीएम, म्हणजे आभासी संगणक, चालतात. सगळं केव्हीएमवर (लिनक्समधली आभासी संगणक चालवण्याची सोय), मध्ये त्यांचा कारभार बघणारी लायब्ररी, लिबव्हर्ट. दोन होस्ट रेड हॅट ९ च्या घराण्यातले आहेत. तिसरा जुना, त्यावर अजून एकच मोठा लिबव्हर्टडी डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) सगळं काम ओढतो. आठ महिन्यांपूर्वी एक व्हीएम रात्री-अपरात्री अडकायला लागली, तेव्हा मी पहिल्यांदा लिबव्हर्टच्या लॉगिंगमध्ये नीट लक्ष घातलं. त्याआधी काही बिघडलं की डीमन रीस्टार्ट करायचा आणि पुढे जायचं, एवढंच चालायचं. आज माझं मत असं आहे की हे लॉगिंग उत्तम आहे. पण ज्याने त्याला नेमका प्रश्न विचारला त्यालाच ते उत्तर देतं. "सगळं सांग" म्हटलं तर ते खरोखर सगळं सांगतं आणि त्यात हाताला काहीच लागत नाही.

पहिल्या आठवड्यात मी तेच केलं होतं. कॉन्फिग फाइलमध्ये लॉग लेव्हल १ केली, आउटपुट एका फाइलकडे वळवलं आणि डीमन रीस्टार्ट केला. लिबव्हर्टमध्ये पातळ्या चारच: १ म्हणजे डीबग, २ इन्फो, ३ वॉर्निंग, ४ एरर. १ लावलं की लायब्ररीच्या आत प्रत्येक ऑब्जेक्टचा रेफरन्स वाढला किंवा कमी झाला तरी एक ओळ पडते, इव्हेंट लूप फिरला तरी ओळ पडते. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन व्हीएम बंद नव्हत्या, पण चालतही नव्हत्या. व्हर्शला (लिबव्हर्टचं कमांड लाइनवरचं साधन) कारणासकट स्टेट विचारली तर उत्तर आलं: पॉझ्ड, आय-ओ एरर. झालं असं होतं की लॉगची फाइल आणि व्हीएमच्या डिस्क इमेज एकाच पार्टिशनवर होत्या. लॉगने जागा खाल्ली, क्यूकाऊ२ इमेज (लागेल तशी वाढणारी डिस्क फाइल) वाढायला जागा उरली नाही, आणि क्यूएमूने (व्हीएम प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्राम) डेटा बिघडू नये म्हणून व्हीएम जागच्या जागी थांबवल्या. हे थांबवणं योग्यच होतं. जागा मोकळी करून रिझ्यूम दिल्यावर दोन्ही व्हीएम जिथे होत्या तिथून पुढे चालू झाल्या, आतला एकही डेटाबेस बिघडला नाही.

जागा मोकळी करतानाची एक गोष्ट इथे नोंदवून ठेवते, कारण ती ऐन गडबडीत आठवत नाही. लॉगची फाइल नुसती डिलीट करून जागा परत मिळत नाही. डीमनने ती उघडून धरलेली असते. एकतर फाइल रिकामी करायची, नाहीतर आउटपुट बदलून डीमनला ती सोडायला लावायची.

त्या दिवसानंतर मी फिल्टर शिकायला बसले. हा या लायब्ररीचा सगळ्यात चांगला भाग आहे आणि सगळ्यात कमी वापरला जाणाराही. लिबव्हर्टच्या सोर्समधल्या प्रत्येक फाइलला लॉगसाठी स्वतःचं नाव आहे: क्यूएमू डॉट क्यूएमू मॉनिटर, युटिल डॉट ऑब्जेक्ट, आरपीसी अशी. फिल्टर म्हणजे पातळीचा आकडा, कोलन आणि नाव. "१:क्यूएमू" लिहिलं की ज्या मॉड्यूलच्या नावात कुठेही क्यूएमू आहे त्यांचं डीबग मिळतं, कारण दिलेल्या शब्दाच्या दोन्ही बाजूंना स्टार आहे असं धरूनच तो जुळवला जातो. यात एक खाच आहे. गोंगाट नको म्हणून सगळे "४:इव्हेंट" लावतात, पण त्याने नावात इव्हेंट असलेलं सगळंच गप्प होतं, तुम्हाला हवं असलेलंसुद्धा. दुसरी खाच क्रमाची. यादीत जो फिल्टर आधी जुळतो तो लागू होतो, पुढचे बघितलेच जात नाहीत. म्हणून "१:*" हा सगळ्यांना कवेत घेणारा फिल्टर नेहमी शेवटी. तो पहिला टाकला तर बाकीची यादी शोभेलाच राहते.

सखोल तपास करायचा असेल तेव्हा मी आता रिमोट, आरपीसी, ॲक्सेस, नोड डिव्हाइस आणि युटिलमधले जेसन, ऑब्जेक्ट, डीबस, नेटलिंक ही सगळी मॉड्यूल ३ वर ठेवते, इव्हेंट ४ वर, आणि शेवटी १:*. लिबव्हर्टच्या स्वतःच्या कागदपत्रांतही साधारण हीच यादी सुचवलेली आहे आणि ती विचार करून बनवलेली आहे. मी तिच्यात फारशी ढवळाढवळ करत नाही.

आणि आउटपुटची पातळी! फिल्टरमध्ये १ लिहून आउटपुटमध्ये ३ ठेवलं तर फाइलमध्ये डीबगची एकही ओळ येत नाही, कारण आउटपुट हीसुद्धा एक चाळणी आहे. दोन्ही चाळण्यांतून जे खाली पडेल तेच तुम्हाला दिसेल. आमच्या टीममधल्या मुलाचा अख्खा दुपारचा वेळ यात गेला. कॉन्फिग बरोबर, रीस्टार्ट बरोबर, फाइल मात्र रिकामी.

रीस्टार्टवरून आठवलं. डीमन रीस्टार्ट केल्याने चालू व्हीएम बंद पडत नाहीत, त्या स्वतंत्र क्यूएमू प्रोसेस असतात. पण बग पकडायचा असेल तर रीस्टार्ट हाच शत्रू, कारण अडकलेली अवस्था त्यात पुसली जाते. यावरचा उपाय म्हणजे व्हर्ट-ॲडमिन, चालू डीमनला सूचना देणारं साधन. डीमन चालू असताना फिल्टर आणि आउटपुट बदलता येतात, ही सोय २०१७ च्या ३.० आवृत्तीपासून आहे. माझ्या दृष्टीने या सगळ्या व्यवस्थेचं निम्मं मोल या एका सोयीत आहे. व्हीएम अडकली आहे, लोक फोन करताहेत, अशा वेळी काहीही न हलवता तुम्ही डीमनच्या कानाला कान लावू शकता. काम झालं की रिकामी स्ट्रिंग द्यायची, फिल्टर उतरतात. फक्त एवढं ध्यानात ठेवायचं की नवीन यादी जुनीच्या जागी बसते, तिच्यात मिसळत नाही.

नव्या होस्टवर इथे एक अडचण येते. तिथे एका मोठ्या डीमनऐवजी कामाप्रमाणे वेगवेगळे डीमन आहेत: क्यूएमूसाठी व्हर्टक्यूएमूडी, नेटवर्कसाठी व्हर्टनेटवर्कडी, स्टोरेजसाठी व्हर्टस्टोरेजडी. फेडोरा ३५ आणि रेड हॅट ९ पासून ही मांडणी मुळातच येते. प्रत्येकाची कॉन्फिग फाइल वेगळी. मी सुरुवातीला लिबव्हर्टडीच्या फाइलमध्ये बदल करत राहिले आणि काहीच फरक पडेना, कारण ती फाइल तिथे कुणी वाचतच नव्हतं. शिवाय हे डीमन काम नसलं की १२० सेकंदांनी स्वतःहून बंद होतात आणि पुढची विनंती आली की पुन्हा उठतात. टेस्टच्या होस्टवर एकही व्हीएम चालू नव्हती, मी व्हर्ट-ॲडमिनने फिल्टर लावले, चहा घेऊन आले तर फिल्टर गायब. डीमनने मधे एक डुलकी काढली होती. व्हर्ट-ॲडमिननेच त्याचा टाइमआउट ० करता येतो. तपासाआधी ते पहिलं करा.

आता त्या अडकणाऱ्या व्हीएमबद्दल. दर तीन-चार दिवसांनी पहाटे दोनच्या सुमारास शटडाउन, स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत), काहीही केलं की तीस सेकंद थांबून एरर यायचा: स्टेट चेंज लॉक (एका वेळी एकानेच व्हीएमला हात लावावा म्हणूनचं कुलूप) मिळत नाही. एररमध्ये हे लॉक कोणाच्या हातात आहे तेही लिहिलेलं असतं, आणि आमच्याकडे दर वेळी ते सगळ्या व्हीएमची आकडेवारी मागणाऱ्या कॉलकडे असायचं. म्हणजे आमच्याच मॉनिटरिंग एजंटकडे. साहजिकच सगळ्यांचं म्हणणं पडलं की एजंट बंद करा, किंवा लिबव्हर्ट अपग्रेड करा.

मी अपग्रेड करायच्या आधी एकच फिल्टर लावला: "२:क्यूएमू डॉट क्यूएमू मॉनिटर". लिबव्हर्ट क्यूएमूशी मॉनिटर नावाच्या वाहिनीवरून, जेसन या मजकुराच्या साच्यात बोलतं. त्यातला प्रत्येक पाठवलेला निरोप, आलेलं उत्तर आणि इव्हेंट इन्फो पातळीवरच नोंदला जातो. त्यासाठी १ लागत नाही, २ पुरतं. प्रत्येक निरोपाला "लिबव्हर्ट-४१८७" असा आयडी असतो आणि उत्तरातही तोच आयडी येतो. तिसऱ्या रात्री मासा गळाला लागला. सकाळी फाइल उघडली, तर २०:४१:०७ ला डिस्कची आकडेवारी मागणारा निरोप गेलेला. त्याखाली त्याच आयडीचं उत्तर २०:४४:५१ ला. एरवी ज्या उत्तराला डोळ्याची पापणी लवायलाही वेळ लागत नाही, त्याला पावणेचार मिनिटं. मधल्या काळात त्या व्हीएमच्या मॉनिटरवर अवाक्षर नाही.

वेळेचं इथे सांगायला हवं. लिबव्हर्ट आपल्या लॉगमध्ये वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) लिहितं, शेवटी +०००० असतं. जर्नल (होस्टचा सिस्टिम लॉग) मात्र मला भारतीय वेळ दाखवत होतं. साडेपाच तास मिळवले तर २०:४१ म्हणजे आपले पहाटेचे २:११. जर्नलमध्ये २:११ ला कर्नलची ओळ होती: एनएफएस सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे. आणि २:१४ ला: सर्व्हर ओके. त्या व्हीएमची डिस्क त्याच एनएफएसवर (नेटवर्कवरून वापरायच्या स्टोरेजवर) होती. स्टोरेज थांबलं, म्हणून क्यूएमू थांबलं, म्हणून एजंटच्या कॉलने धरलेलं लॉक सुटेना, म्हणून शटडाउन होईना. आम्ही आजार रेड्याला असताना औषध पखालीला द्यायला निघालो होतो. स्टोरेज ज्यांनी बसवून दिलं त्यांना या दोन ओळी आणि कर्नलच्या दोन ओळी पाठवल्या. दोन दिवसांत कळलं की त्याच वेळेला तिथे स्नॅपशॉट साफ करण्याचं काम लागलेलं होतं. आधीचे दोन महिने आम्ही त्यांना "व्हीएम अडकते" असं सांगत होतो आणि ते "आमच्या बाजूने सगळं ठीक आहे" असं म्हणत होते.

एजंटमध्येही आम्ही एक बदल केला. आकडेवारी मागताना "नोवेट" हा पर्याय दिला की जी व्हीएम लॉक झालेली आहे तिच्यासाठी लिबव्हर्ट ताटकळत नाही, न थांबता मिळतील तेवढेच तिचे आकडे देतं आणि पुढे जातं. हे आधीच असायला हवं होतं.

प्रत्येक वेळी एवढ्या खोलात जावं लागत नाही. दहापैकी सहा-सात वेळा मला उत्तर व्हीएमच्या स्वतःच्या लॉगमध्ये मिळालं आहे. व्हारमधल्या लॉग फोल्डरात लिबव्हर्टखाली क्यूएमू नावाचं फोल्डर आहे, त्यात प्रत्येक व्हीएमच्या नावाने एक फाइल. यासाठी काहीही कॉन्फिगर करावं लागत नाही. क्यूएमू कुठल्या पर्यायांनी सुरू झालं ती पूर्ण कमांड, आवृत्त्या, क्यूएमूने ओकलेले एरर आणि शेवटी बंद होण्याचं कारण: शटडाउन, डिस्ट्रॉइड की क्रॅश्ड. "व्हीएम आपोआप बंद झाली" ही तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी ती शेवटची ओळ बघते. ही फाइल व्हर्टलॉगडी नावाचा डीमन सांभाळतो. मुळातली मर्यादा २ एमबी आणि जुन्या ३ प्रती. त्यामुळे एखादी व्हीएम वेड्यासारखे एरर फेकायला लागली तरी होस्टची डिस्क भरत नाही. पण सारखी बडबडणारी व्हीएम असेल तर परवाचा पुरावा या मर्यादेत वाहून जातो. अशा होस्टवर मी मर्यादा वाढवून घेतली आहे.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. एकाच व्हीएमपुरता फिल्टर लावता येत नाही. मॉड्यूलनुसार गाळता येतं, व्हीएमनुसार नाही, आणि होस्टवरच्या सगळ्या व्हीएमचं मॉनिटर संभाषण एकाच फाइलमध्ये मिसळून येतं. मग प्रत्येक ओळीतला मॉनिटरचा पत्ता धरून ग्रेप मारत (ओळी शोधत) बसावं लागतं. आकड्यांचा घोळही आहे: लायब्ररीत डीबग म्हणजे १, पण व्हर्शच्या स्वतःच्या डीबग पर्यायात डीबग म्हणजे ०. एकाच प्रकल्पात दोन मोजपट्ट्या कशाला? आणि क्लायंटच्या बाजूने एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने डीबग लावलं तर ते फक्त क्लायंटच्या प्रोसेसचं असतं. व्हर्श डीमनला निरोप देऊन मोकळं होतं, खरी गोष्ट डीमनमध्ये घडते. नव्या माणसाला हे कुणीतरी सांगावं लागतं.

लॉग बाहेर पाठवण्यापूर्वी तो वाचून काढा, हे मात्र कळकळीने सांगते. त्यात व्हीएमचं अख्खं एक्सएमएल (तिच्या रचनेचं वर्णन) असतं, डिस्कचे पाथ, होस्टची नावं, मॉनिटरवरून गेलेले निरोप जसेच्या तसे. स्टोरेजवाल्यांना मी चार ओळी पाठवल्या, फाइल नाही.

त्यांनी साफसफाईची वेळ बदलून आता पाच महिने झाले. लॉकचा एरर पुन्हा आलेला नाही. मॉनिटरचा तो एक फिल्टर मी दोन्ही नव्या होस्टच्या कॉन्फिगमध्ये कायमचा ठेवला आहे, वेगळ्या पार्टिशनवर आणि लॉगरोटेट (जुने लॉग आपोआप हटवणारं साधन) लावून. जुन्या होस्टची पाळी पुढच्या महिन्यात आहे.